गिरणीचा कॅमेरा

"लांबून बघायचं. हात लावायचा नाही."

व्हिडिओ कॅमेऱ्याबद्दल मला मिळालेलं पहिलं शिक्षण एवढंच. देणारे साहेब मुंबईहून आमच्या गिरणीत आले होते. कॅमेरा नुकताच पेटीतून निघाला होता, पण साहेब असे वागत, जणू त्याचा शोध त्यांनीच लावला.

मी बी.एस्सी., फिजिक्स घेऊन. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि हे मी तेव्हाही छाती काढून सांगत होतो. वडील त्याच गिरणीत विणकर. मला कामाच्या वेळा मोजणाऱ्या विभागात घेतलं होतं, कच्च्या नोकरीवर. पक्कं करायचं की नाही, ते या साहेबांच्या हातात.

खांद्याला अडकवायची टेपची जड पेटी, तिच्यातून निघालेली जाड वायर, वायरीच्या टोकाला कॅमेरा. चित्र धुवायला पाठवायचं नाही, रीळ मागं फिरवलं की लगेच टीव्हीवर दिसायचं. आमच्या चाळीत तोवर टीव्हीच कुणी पाहिला नव्हता. मालकांनी हे हौसेनं आणलं नव्हतं. एक विणकर दोन माग चालवायचा, त्याच्याकडं चार द्यायचे होते. म्हणजे निम्मी माणसं घरी. विणकर किती वेळ नुसता उभा असतो ते चित्रात धरायचं आणि युनियनपुढं ठेवायचं, असा बेत. तो मला माहीत होता, वडिलांना माहीत होता, चाळीतल्या कुत्र्यालाही माहीत होता.

सूत तुटू नये म्हणून मागांच्या खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत. साहेब पहिल्याच दिवशी घामाघूम होऊन, नाकाला रुमाल लावून बाहेर आले आणि पेटी माझ्या खांद्यावर टाकून म्हणाले, "आता तूच घे. फिजिक्स शिकलास ना?" शिकवलं काहीच नाही. इंग्रजी पुस्तिका दिली, तीही सांभाळून वापर म्हणत.

पहिलं रीळ पांढरं फटक. साहेबांनी शिपायासमोर विचारलं की गिरणी दाखवतोयस की धुकं. चूक माझी नव्हती. कॅमेरा त्यांच्या एसीच्या खोलीत ठेवलेला, तो गार काचेनिशी दमट खात्यात नेला की काचेवर वाफ धरायची. हे मला पुस्तिकेनं नाही, गार पाणी भरलं की बाहेरून ओल्या होणाऱ्या आईच्या स्टीलच्या तांब्यानं शिकवलं. मग कॅमेरा आधीच आत नेऊन ठेवायला लागलो. दुसऱ्या रिळात मी सारखा जवळ-लांब, जवळ-लांब करत होतो, बघताना मलाच मळमळलं. हळूहळू कळलं, आधी पूर्ण जवळ घ्यायचं, आडवं सूत नेणाऱ्या धोट्यावर चित्र स्वच्छ करायचं, मग मागं यायचं आणि हलायचं नाही. श्वाससुद्धा पोटातून घ्यायचा. मला ते जमलं, आणि साहेबांना कधीच जमलं नाही.

खात्यात मात्र मी दिसलो की पाठी फिरायच्या. कुणी कापसाचा भुगा माझ्या मानेत टाकायचं. घरी वडील जेवताना एकदाच बोलले. "मागाचं काय काढायचं ते काढ. मानसाचं काढू नगं." मी म्हणालो, नोकरी आहे. ते ताटावरून उठले.

आता एक सांगायला हवं. मागांच्या आवाजात शेजारच्याचंही ऐकू येत नाही. म्हणून गिरणीतली माणसं ओठांनी आणि हातांनी बोलतात, तोंड मोठं करून, आवाज न काढता. घरी आल्यावरही ती सवय जात नाही. आम्ही पोरं ते पाळण्यातच शिकलो.

एका दुपारी साहेब आणि मी पडदे ओढून रीळ बघत होतो. चित्रात आमच्याच चाळीतले एक विणकर होते. त्यांना मी लहानपणापासून मामा म्हणायचो. हात कमरेवर ठेवून ते सरळ कॅमेऱ्याकडे वळले आणि ओठ हलवले. टीव्हीतून नुसता खडखडाट. पण मला लख्ख ऐकू आलं. "बापाच्या पोटावर पाय देऊन साहेब हुतोस व्हय रं, कुत्र्या?"

माझे कान तापून लाल झाले. साहेबांनी ते बघितलं. रीळ मागं घेतलं, पुन्हा लावलं, पण या वेळी टीव्हीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत.

"तुला कळतंय," ते म्हणाले. "सगळ्यांचंच कळतं?"

मग साहेबांनी पहिल्यांदा मला बसायला खुर्ची दिली. चहा मागवला. संपाचं कोण बोलतं, मालकांना कोण शिव्या देतं, प्रत्येक रिळातलं सांगत जायचं, म्हणजे याच महिन्यात तुला पक्कं करतो, म्हणाले. सुरुवात यालाच धरून करू. काय म्हणाला हा?

खरं सांगतो, त्या क्षणी मामाचं नाव घ्यायला जीभ शिवशिवत होती. त्यांनी मला कुत्रा म्हटलं होतं, आणि परतफेडीला मला एक शब्द पुरेसा होता. पण समोरचा साहेबही मला तेच समजत होता, फक्त चहा पाजून.

"ते आमच्या घरचं बोलणं आहे, साहेब," मी म्हणालो. "कंपनीचं नाही."

"रीळ कंपनीचं आहे."

"मग रिळालाच विचारा की."

त्यांनी आलेला चहा शिपायाला परत न्यायला सांगितलं आणि मला उद्यापासून येऊ नकोस म्हणून. मी पेटी त्यांच्या टेबलावर ठेवली, वायर नीट गुंडाळून. तेवढी शिस्त माझी मीच शिकलो होतो.

चार माग पुढं झालेच. मालकांना ना माझं रीळ लागलं, ना माझे कान. निम्मी माणसं घरी बसली, त्यात मामाही होते. पण ते नंतर.

माझी नोकरी गेल्याचं चाळीत कळलं त्या दिवशी मामा नळावर घागर भरत होते. मी घागर घेऊन तिथं गेलो तेव्हा ते दुसऱ्याला मोठ्यानं म्हणाले, "मशीन मोडलं आसंल. हे काय चालवनार."

मी थांबलो. नोकरी का गेली ते सांगितलं असतं तर त्यांनी माझे हात धरले असते, डोळ्यांत पाणी आणलं असतं. ते मला नको होतं. मी माझी घागर त्यांच्या घागरीपुढं लावली आणि म्हणालो, "सरका."