लाल पेन्सिलवाले सबनीस साहेब

मालवणात आमचं ऑफिस समुद्रापासून शंभर पावलांवर होतं, आणि सबनीस साहेबांनी रुजू झाल्या दिवशी पहिलं काम केलं ते समुद्राकडची खिडकी खिळे ठोकून बंद करण्याचं. खाऱ्या वाऱ्याने संगणक बिघडतो, हे कारण. खुर्चीवर बसण्याआधी ते रुमाल अंथरीत, कारण त्यांच्या मते आम्हा सगळ्यांना मासळीचा वास येई. मी मिठबावचा, म्हणजे किनाऱ्यावरचाच; मी उठलेल्या खुर्चीवर बसताना ते रुमालाची दुहेरी घडी घालीत. हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि आज तो हयात नसतानाही आवडत नाही.

काम मात्र मोठं होतं. मागच्या वर्षांत समुद्राचं पाणी रोज किती गार, किती कोमट होतं याचे नकाशे संगणक काढी. आधी गणिताने अंदाज बांधायचा, मग जहाजांनी आणि तरंगत्या यंत्रांनी मोजलेले आकडे त्यात मिसळून तो दुरुस्त करायचा. नकाशा खरा की खोटा हे तपासायला मात्र त्याने कधीच न पाहिलेले आकडे लागतात. त्यासाठी देवबागच्या भिवा तांडेलांना आम्ही एक थर्मामीटर आणि वही दिली होती. साठीचे भिवाकाका जाळं टाकण्याआधी बादलीभर पाणी ओढीत, थर्मामीटर बुडवीत आणि आकडा लिहीत. होडी समुद्रात गेली आणि नोंद झाली नाही, असं दोन वर्षांत एकदाही घडलं नाही. ही वही नकाशापासून लांब ठेवायची, असं साहेब येण्यापूर्वीच ठरलं होतं.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या की काही दिवस आमच्याकडे समुद्राच्या तळचं गार पाणी वर येतं. नकाशाला याचा पत्ता नव्हता. त्या दिवसांचे काकांचे आकडे नकाशापेक्षा तीन अंशांनी कमी निघाले. साहेबांनी कानावरची लाल पेन्सिल काढली आणि ते सगळे खोडले.

"आकडा बसत नाही ना? मग तो आपला नाही." हे त्यांचं आवडतं वाक्य.

"साहेब, त्यातल्या एका दिवशी मी होडीत होतो. आकडा मीच वाचला."

"मग तुम्हीही चुकलात."

पुढच्या मोसमात, त्याच दिवसांत, हट्ट करून मी त्यांना होडीत नेलं. काकांनी बादली ओढली. साहेबांनी हात घातला, आणि त्यांच्या दंडापर्यंत काटा आलेला मी पाहिला. रुमालाने हात पुसत ते म्हणाले, "बादली सावलीत ठेवत असतील."

पुढे त्यांनी जे केलं त्याला मी आजही लबाडीच म्हणतो. वहीतले जुळणारे आकडे त्यांनी संगणकाला पुरवले, नकाशे नव्याने काढले आणि त्याच आकड्यांशी ताडून पाहिले. जुळणारच! मुलाला आदल्या दिवशी उत्तरं सांगून परीक्षा घ्यावी तसा प्रकार. मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "तुमची पदवी कोणती?"

अहवाल सांगायला देवबागच्या शाळेत सभा झाली. काका इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. कुणीतरी खोडलेल्या आकड्यांबद्दल विचारलं. साहेब हसून म्हणाले, "काही नोंदी घरी बसून लिहिलेल्या दिसतात."

काका उभे राहिले. "सायबानू, पाणी गार होता म्हणान गार लिवलंय. माझो हात खोटा सांगणा नाय."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी तेव्हा हंगामी होती आणि मला कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. मी माईकची वायर गुंडाळायला घेतली. काकांनी थर्मामीटर टेबलावर ठेवला आणि ते निघून गेले.

अहवालाचं कौतुक झालं. साहेब बढतीवर गेले, जाण्याआधी माझ्या कागदावर सही करून गेले. काही वर्षांनी ते वारल्याची बातमी आली. शोकसभेत 'अचूकतेचा ध्यास घेतलेला माणूस' हे शब्द मी तीनदा ऐकले आणि तिन्ही वेळा माझं डोकं फिरलं.

त्याच सुमारास नव्या पद्धतीने काढलेले नकाशे आमच्याकडे आले. काकांची वही या नकाशांनी पाहिलेली नव्हती. देवबागसमोर, खोडलेल्या त्याच दिवसांत, तेच गार पाणी स्पष्ट दिसत होतं. छापील कागद घेऊन मी धावत काकांकडे गेलो.

त्यांनी कागद पाहिला न पाहिल्यासारखा केला आणि कोनाड्यातून एक वही काढली. थर्मामीटर परत केल्यानंतरही ते रोज पाण्यात हात बुडवून लिहीत होते: 'गार', 'बरा', 'हात ठरणा नाय'.

"काका, साहेबांनी तुम्हांला खोटं ठरवलं, ते मी त्यांना कधीच माफ करणार नाही," मी म्हटलं.

काकांनी वही मिटली.

"सायबाचा ऱ्हवांदे. तो माका वळखी नाय. तू होडयेत होतंस मा रे?"