गाडी भरून दाखवायची होती

आमच्या कॉलनीच्या रस्त्यात दिवाळीला एक रिक्षा खड्ड्यात गेली ती संक्रांतीला बाहेर आली. खोटं वाटत असेल तर त्या रिक्षावाल्याला विचारा, आत बसून त्याची दाढी छातीपर्यंत वाढली होती. तेव्हापासून आमच्या कॉलनीचं नाव काढलं की सोलापुरातला कुठलाही रिक्षावाला हँडल वळवतो. राहिली एक सिटी बस. सकाळी येते, कॉलनीच्या टोकाला चिंचेखाली जरा दम खाते आणि माणसं घेऊन शहरात जाते. माणसं म्हणजे काय, तर आमची अक्का आणि लागली तर एखादी माशी.

अक्का माझ्या पिठाच्या गिरणीसमोर राहते. घरात तेलुगू बोलते, भांडते मात्र मराठीत. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायला जाते. घरात कमावती ती एकटीच.

एका शनिवारी गाडी दम खात होती तेव्हा कंडक्टर बाई गिरणीत पाणी प्यायला आल्या. अक्का कामावर जाता जाता दळणाचा डबा ठेवत होती.

“सोमवारी साहेब येणार हायत,” बाई म्हणाल्या. “ह्या गाडीत माणसंच नसतात म्हणून वर कळलंय. रिकामी दिसली की फेरी बंद.”

अक्काचा हात डब्यावरच राहिला. “मग मी कामाला कशी जाऊ?”

“ते साहेबालाच विचारा की.”

मी म्हटलं, “अक्का, घोर करू नको. अख्खा माळशिरस तालुका आणून बसवतो.”

“अन्ना, तुमी बोलताय लई. बसवणार कुणाला?”

आता गिरणीवाल्याच्या हातात केवढी सत्ता असते हे कलेक्टरला कळलं, तर तो राजीनामा देऊन गिरणी टाकेल. रविवारी मी जाहीर केलं: सोमवारी जो गाडीत बसेल त्याचं दळण आधी, बाकीच्यांनी ज्वारी तशीच चघळावी. दुपारपर्यंत एवढ्या लोकांनी शब्द दिला की त्यांना न्यायला दोन इंजिनांची आगगाडी लागली असती.

सोमवारी गाडी चिंचेखाली लागली. अक्का भलं मोठं गाठोडं घेऊन आली. कारखान्यात डाग पडलेले टॉवेल कामगारांना स्वस्तात मिळतात, ते तिने वर्षानुवर्षं साठवलेले. प्रत्येक सीटवर तिने एकेक अंथरला. म्हणाली, “आधीच जागा धरलेल्या बऱ्या. नंतर भांडणं नकोत.”

इथेच आमचं गणित चुकलं. आमच्याकडे सीटवर रुमाल पडला म्हणजे माणूस बसला, गिरणीत डबा ठेवला म्हणजे माणूस रांगेत उभा राहिला. आणि उन्हाळ्यात सोलापूरला सकाळ होतच नाही, थेट दुपार होते. गाडीचा पत्रा असा तापला होता की वर भाकरी टाकली असती तर टम्म फुगली असती. जागा धरलेली असताना त्या भट्टीत कोण बसतंय? सगळे गेले टपरीवर चहाला.

नेमके तेव्हाच साहेब मोटारसायकलवरून आले. चष्मा एका कानावर लटकत होता, म्हणजे रस्ता त्यांना भेटला होता. आत चढून बघतात तर गाडीत चिटपाखरू नाही. नुसते टॉवेल. पिवळे, निळे, फुलाफुलांचे.

अक्का हातातला चहा टाकून धावली. साहेब पहिल्या सीटवर टेकायला वाकले.

“ओ साहेब, तितं माणूस हाय,” ती खिडकीतून म्हणाली.

साहेबांनी सीटकडे नीट पाहिलं. “कुठं आहे?”

“टॉवेल हाय की.”

साहेब मागच्या सीटकडे सरकले.

“तितं पण हाय.”

“आणि इथं?”

“ती लेकुरवाळी हाय. उठवू नका.”

साहेब शेवटच्या सीटपर्यंत जाऊन आले. रिकामी गाडी पकडायला आलेला माणूस, आणि त्या रिकाम्या गाडीत त्याला टेकायला जागा नाही. कंडक्टर बाई तिकिटाच्या मशीनमध्ये तोंड खुपसून हसत होत्या.

“ही बस आहे की टॉवेलचं दुकान?” साहेबांनी खिशातून पेन काढलं.

पेन बघून अक्काचा चेहरा उतरला. “बाई,” ती हळूच म्हणाली, “ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला सांगा.”

हॉर्न वाजला. चिंचेखालचं कुत्रं तेवढं उठलं आणि पुन्हा झोपलं. अक्का टपरीकडे बघत राहिली. मी मनातल्या मनात सगळ्या कॉलनीचं दळण बंद करून टाकलं होतं.

मग आले. टपरीतून आले, बोळातून आले, भुईतून उगवल्यासारखे आले. माझ्या गिरणीतून चौघं पीठ उडवत आले. एक आजोबा अर्धी दाढी करून, उरलेल्या गालावर फेस तसाच ठेवून आले. ज्याचा त्याचा टॉवेल बघून बसले, उरलेले माझ्यासकट उभे राहिले, आणि मधोमध साहेब. त्यांची मोटारसायकल चिंचेखालीच राहिली आणि गाडी सुटली. आजोबांचा फेस त्यांच्या खांद्यावर, कुणाची तरी मेथीची जुडी त्यांच्या कानात. शहरात उतरायचं म्हणून ते दाराकडे निघाले, तर तिथवर पोचायला जो वेळ लागला त्यात माणूस चालत बार्शीला जाऊन जेवून आला असता.

उतरल्यावर ते शर्टाचं तुटलेलं बटण शोधत म्हणाले, “गाडी भरते म्हणायची.”

“भरते नव्हं, जागाच मिळत न्हाय असं लिहा,” अक्का म्हणाली.

“मलाच मिळाली नाही, माझ्याशिवाय ते कोण लिहिणार, बाई?”

फेरी चालू राहिली. घोळ झाला तो पुढेच. दळणाच्या लोभानं बसलेल्या लोकांना गाडीची चटक लागली. आजोबांनी तर घरी दाढी करणंच सोडलं, रोज शहरात जाऊन करतात. आता गाडी चिंचेखाली लागायच्या आत भरते, ती कशी काय ते मला विचारू नका.

परवा अक्का गिरणीत आली. काखेत टॉवेल, कपाळाला आठ्या.

“अन्ना, आज पण उभ्यानं गेले. गाडी तुमी भरली, आता रिकामी कधी करताय?”

मी तिचा डबा रांगेतून उचलला आणि सगळ्यांच्या आधी दळून दिला. माझी सत्ता तेवढीच.