उशाला सुकाणू

राग कसा धरावा हे कोणी माझ्याकडून शिकावं. दीड वर्ष धरला, आणि काढला तेव्हा जिवाला गार वाटलं. खोटं कशाला बोलू?

आमच्या ह्यांनी, म्हणजे वकीलसाहेबांनी, हवा भरायची शिडाची होडी मागवली. अमरावतीत हा शौक! गल्लीत सगळे तिला डोंगाच म्हणायचे. दर रविवारी परतवाड्याच्या रस्त्यावरच्या तलावावर जायचं. साहेब खुर्ची टाकून चहा पिणार, मी पायपंप मारणार. आधी दोन्ही बाजूंचे फुगे, मग तळ. तीन तुकड्यांची डोलकाठी जोडून तिच्यावर शीड चढवायचं, मागे सुकाणू अडकवायचं. साहेब ऐटीत बसले की मी गुडघाभर पाण्यात होडी ढकलायची आणि शेवटी तिच्या मधल्या फटीतून एक लाकडी पातं खाली खोचायचं. ते पाण्यात उभं असलं तरच होडी सरळ चालते, नाहीतर वाऱ्याबरोबर आडवी घसरते. हे होडीसोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं. पुस्तिका मी वाचली होती, यांनी नाही.

जेवण झालं की हे कडुलिंबाखाली घोरायचे. तेव्हा मी होडी न्यायची. आधी काठाकाठाने, मग पार मध्यापर्यंत. सुकाणूचा दांडा जरासा हलवला की अख्खी होडी ऐकायची. घरात माझं कोण ऐकत होतं?

एका रविवारी हे लवकर जागे झाले. काठावर सहलीला आलेली बरीच माणसं होती. त्यांच्यासमोर ओरडले, "उतर खाली! तुले काय समजते त्यातलं? पोळ्या लाटाचं सोडून डोंगा चालवून राहिली!" लोक फिदीफिदी हसले. मी उतरले. त्या दिवसापासून साहेब सुकाणू काढून उशाला घेऊन झोपायला लागले. मी पंप मारत राहिले. पण ठरवून टाकलं, त्या दांड्यावर पुन्हा माझा हात पडेल तो यांच्या डोळ्यांदेखत, चारचौघांत.

मग दीड वर्षाने अकोल्याचे दोन वकीलमित्र बायकांसह आले. साहेब नवी टोपी घालून होडीत बसले. मी ढकलली आणि हात हलवला. पातं गाडीच्या सीटखाली होतं, मीच ठेवलेलं. लाइफ जॅकेटचे पट्टे मात्र स्वतः आवळले होते. मला विधवा व्हायचं नव्हतं, सूड घ्यायचा होता.

होडी सुटली ती आडवीच. सुकाणू इकडे वळवलं, तिकडे वळवलं, ती आपली खेकड्यासारखी बाजूला. मित्र म्हणाले, "वहिनी, हे तिकडं कुठं चालले?"

"काय माहीत बा," मी म्हटलं, "मले काय समजते त्यातलं?"

समोरच्या काठावर बेशरमाच्या झुडपांत साहेब रुतले आणि तिथून टोपी हलवायला लागले. मी हातातला आलुबोंडा सावकाश संपवला. मग पातं घेऊन बांधावरून चालत तिकडे गेले.

"काहून इतका उशीर केला?" हे खेकसले.

"सरका. पुढं बसा."

"मी?"

"नाहीतर राहा इथंच. गाडीची चावी माझ्यापाशी हाये."

सरकले! होडी पाण्यात ओढली, पातं खोचलं आणि दांडा धरला. वारा समोरून होता, म्हणून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं तिरपं तिरपं यावं लागलं. दर वळणाला शीड या बाजूचं त्या बाजूला जातं. मी म्हणायची, "डोकं खाली!" आणि वकीलसाहेब डोकं खाली घालायचे. चार वळणांत काम झालं असतं. मी नऊ घेतली.

काठावर टाळ्या पडल्या. तर हे उतरता उतरता म्हणतात कसे, "मीच शिकवलं तिले!"

घ्या! तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज चढवला नाही. मित्रांसमोरच यांच्या हातात फडकं दिलं. "मग आता चिखल धुवा, पुसून वाळवा, हवा काढा अन् पिशवीत मावेल अशी घडी घाला. तुम्ही तं गुरुजी आहात, तुमाले काय सांगावं!"

सुकाणू काढून घेतलं आणि कडुलिंबाखाली ते उशाला घेऊन आडवी झाले. झोप कुठली येते? घडी चौथ्यांदा चुकल्यावर हाक आली, "अवं, ऐकलं का? हे पिशवीत जाऊनच नाही राहिलं!"

मी घोरायला लागले.