रेकॉर्डींना ऊन दाखवलं

साताऱ्यात जॅझच्या जुन्या रेकॉर्डी जमवणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे, आणि त्याला मी रोज दाढी करताना आरशात बघतो. आणखी कुणी असेल तर त्यानं मला गाठावं, चहा माझ्याकडून.

या नादाचं खापर मी पाचगणीवर फोडतो. तिथले जुने बंगले विकले गेले की आतलं सामान घाट उतरून साताऱ्यात येतं. अशाच एका जुन्या सामानाच्या दुकानात मी टेबलफॅन बघायला गेलो होतो. फॅनच्या मागं रेकॉर्डींचा गठ्ठा होता. सगळ्यात वरच्या रेकॉर्डचं कव्हर वाळवीनं खाल्लं होतं, पण रेकॉर्डवर एक ओरखडा नव्हता. दुकानदारानं ती लावून दाखवली. सॅक्सोफोन तोवर मी फक्त वरातीत ऐकला होता, पुढं नाचणारी पोरं आणि मागं जनरेटरची गाडी. इथं तो एकटाच बोलत होता, सावकाश, जेवण झाल्यावर माणूस बोलतो तसा. फॅन राहिला, रेकॉर्ड घरी आली. पुढच्या अकरा वर्षांत तिच्या मागोमाग चाळीसेक आल्या.

नोकरी एमआयडीसीत, क्वालिटी विभागात. दिवसभर मायक्रोमीटर घेऊन दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंतल्या चुका काढायच्या, आणि त्याचा पगार घ्यायचा. ती खोड घरीही सुटत नाही. रविवारी सकाळी रेकॉर्ड लावली की मी कान टवकारून बसतो. कुठं खरखर आली, कुठं टिकटिक झाली, सुई कुठं अडखळली. बायको पोह्यांची डिश आदळून म्हणते, "ऐकता कुठं तुम्ही? तपासणी चाललेली असते तुमची." मी दुर्लक्ष करतो.

आबा, म्हणजे माझे वडील, शिराळ्याजवळच्या गावात असतात. फौजेतून सुभेदार होऊन आले आणि उसात रमले. एकदा साताऱ्यात आले होते तेव्हा मी कौतुकानं त्यांना एक बाजू ऐकवली. ते पाठ ताठ ठेवून वीस मिनिटं बसले. शेवटी म्हणाले, "बँडवाली आधी वाद्यं लावून बघत्यात, तसंच झालं की ह्ये. गाणं कवा सुरू व्हणार?" गाणं संपलं, असं मी सांगितल्यावर त्यांनी टोपी उचलली आणि नातीला घेऊन फिरायला गेले. त्यानंतर त्यांना ऐकवायच्या भानगडीत मी पडलो नाही.

दोन वर्षांपूर्वी, मार्च संपता संपता, आम्ही भाड्याचं घर बदललं. नव्या घराचं रंगकाम लांबलं. सामान इकडं तिकडं ठेवलं, आणि रेकॉर्डी, प्लेयर नि स्पीकर मी स्वतः गावी नेऊन ठेवले. आधीच्या घरात तळमजल्यावर ओल होती, दोन कव्हरांना बुरशी धरली होती. म्हणून निघताना आबांना बजावलं, "बाकी काय करू नका, फक्त ओल लागू देऊ नका."

आबांना काम सांगितलं की ते हुकूम म्हणून घेतात.

तीन आठवड्यांनी गावी गेलो. आबा दारातच उभे होते, खुशीत. "वर चल, दावतो," म्हणाले. गच्चीवर आईनं जुन्या लुगड्यावर कुरडया घातल्या होत्या. त्यांच्या शेजारी दुसरं लुगडं, आणि त्यावर माझ्या रेकॉर्डी. चार ओळी, दोन रेकॉर्डींत सारखं अंतर, परेडला उभ्या केल्यागत. कव्हरं वेगळी, कोरड्या फडक्यानं पुसलेली. एप्रिलचं ऊन, दुपारचे दोन.

"तू म्हनला ना, ओल लागू देऊ नगा," आबा म्हणाले. "मी म्हनलं लागायची वाट तरी कशाला बघायची. तीन दिस झालं, रोज ऊन दावतोय."

आमच्याकडं गोधड्यांना ऊन दाखवतात, तिखटाला दाखवतात, डाळींना दाखवतात, लेकीसुनांच्या ठेवणीतल्या शालूंनाही दाखवतात. ऊन दाखवलं की वस्तू टिकते, हे आबांना त्यांच्या आईनं शिकवलं आणि फौजेनं पक्कं केलं. मी एक रेकॉर्ड उचलली. कडा वर आल्या होत्या. दुसरी उचलली, ती पापडासारखी. मग ती फॅनऐवजी घरी आलेली पहिली, बिनकव्हराची. तिला दोन ठिकाणी लाटा आल्या होत्या.

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते सगळं इथं लिहिणार नाही. शेवटचं वाक्य मात्र लिहितो, कारण ते मला अजून टोचतं. "आबा, ज्यातलं कळत नाही त्याला हात कशाला लावायचा? टाका आता भंगारात."

आबांना असं आजवर कुणी बोललं नव्हतं. त्यांनी रेकॉर्डींकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, "बरं" म्हणाले, आणि उसाला पाणी द्यायला निघून गेले. आई जिन्यात उभी होती. "आरं, तीन दिस त्यो मानूस उन्हात बसून माकडं हाकलतोय," म्हणाली. मी चहाही न घेता एस्टी पकडली. कराडला गाडी बदलेपर्यंत राग होता. पुढं नुसतं कसंनुसं होत होतं, पण परत फिरायची अक्कल सुचली नाही.

मग दीड महिना आम्ही बोललो नाही. मी फोन करायचो, आई उचलायची, आबा शेतात गेलेले असायचे. सकाळी सातला शेतात, संध्याकाळी सातलाही शेतात. एकदा भर दुपारी केला तर मागं चक्क ट्रम्पेट ऐकू आलं.

"काय वाजतंय गं?"

"टीवी हाय," आईनं फोन ठेवला.

आबा आता माझ्याशी पुन्हा कधी नीट बोलतील की नाही, याचीच मला धास्ती होती. रेकॉर्डी मी मनातून केव्हाच सोडल्या होत्या. माफी मागायचं रोज ठरवायचो, आणि आमच्या घरात तो शब्द कुणी कुणाला म्हटल्याचं आठवत नसल्यानं रोज पुढं ढकलायचो.

जूनच्या तोंडावर एका रविवारी आबांचाच फोन आला. "स्टँडवर हाय. रिक्षा घिऊन ये. पेटी जड हाय." आवाज नेहमीचा. मी चप्पल उलटी घालून पळालो.

त्यांची फौजेतली पत्र्याची पेटी, एक खोकं, आणि ते. घरी येईपर्यंत आम्ही फक्त उसाबद्दल बोललो. मग त्यांनी पेटी उघडली. आत रेकॉर्डी होत्या, उभ्या, मध्ये वर्तमानपत्राच्या घड्या. मी एक काढून डोळ्यासमोर आडवी धरली. ती सरळ होती. दुसरी जवळजवळ सरळ.

झालं होतं असं. आबांनी आईच्या शोकेसमधल्या काचेच्या दोन फळ्या काढल्या. दोन काचांमध्ये एक रेकॉर्ड ठेवायची, कोवळ्या उन्हात धरायची, काच बोटाला कोमट लागली की सावलीत आणायची, आणि वर कारखान्याच्या साखरेची पिशवी ठेवायची, संध्याकाळपर्यंत. दिवसाला एक. पहिल्या दोन बिघडल्या, मग अंदाज आला. आईचे कपबश्यांचे सेट दीड महिना जमिनीवर होते, असं तिनं नंतर मला तीन वेळा ऐकवलं.

"पन सरळ झाली का न्हाई ह्ये नुसतं बघून कसं कळनार?" आबा म्हणाले. "म्हनून लावून बघितल्या. दोन्ही बाजू."

प्रत्येक रेकॉर्डला कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाची चिठ्ठी होती. त्यांचं टपोरं अक्षर. 'एक नंबर.' 'पहिलं गाणं लंगडतं, बाकी ठीक.' 'ढोलवाला लय दमदार.' 'ही परत ऐकली.' 'ही बी परत ऐकली.' मी वाचत गेलो आणि मला काही दिसेना. बायको चष्मा घेऊन आली. चष्म्याचा दोष नव्हता.

शेवटी बिनकव्हराची निघाली. "ही पुरती न्हाई जमली," आबा पडेल आवाजात म्हणाले. "चारदा काचंत घातली. येक लाट ऱ्हायलीच."

खोक्यातून प्लेयर नि स्पीकर काढून मी ती लावली. सुई होडीसारखी वरखाली होऊ लागली. पियानो सुरू झाला, सूर जरासा हेलकावत होता. माझे कान सवयीनं त्या हेलकाव्यावर गेले. तेवढ्यात आबांनी बोट वर केलं.

"आता ऐक. वाजवायच्या आधी त्यो मानूस श्वास घेतो."

सॅक्सोफोनच्या पहिल्या सुराआधी, अगदी हलकेच, कुणीतरी छाती भरून श्वास घेतला. अकरा वर्षं ती रेकॉर्ड माझ्याकडं होती. तिची एकूण एक खरखर मला पाठ होती. तो श्वास मी कधीच ऐकला नव्हता.

"आबा," मी म्हणालो, "त्या दिवशी मी जे बोललो..."

"गप रं," आबा म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते. "परत श्वास घेनार हाय त्यो आता."

मी ऐकू लागलो.