हौसामावशीची दहा हजार पावलं

हौसामावशीच्या संतोषचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीत आमच्या कंपनीच्या जिन्यात होतो. लिफ्ट असताना जिना चढायची माझी खोड त्याच्या आईमुळेच टिकलेली. "आई गेली," एवढंच तो म्हणाला. मग मी जे विचारलं ते ऐकून शेजारून उतरणाऱ्याला मी नक्कीच वेडा वाटलो असेन. "घरी की ढाब्यावर?" असं विचारलं मी. "ढाब्यावर," संतोष म्हणाला. सकाळी चूल पेटवली, फणसाखालच्या टेबलावर पहिला चहा स्वतः नेऊन दिला, परत येऊन बाकावर टेकली आणि सून पाणी घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी जिन्यातच बसलो. रडू आलंच, खोटं कशाला बोलू. पण खरं सांगतो, त्या रडण्यातसुद्धा आतून कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. ढाब्यावर गेली! जिंकली म्हातारी! आता मरणाच्या बातमीवर माणसाला असं का वाटावं, हे सांगायचं तर आधी एका प्लॅस्टिकच्या डबीबद्दल सांगावं लागेल.

मी मूळचा लातूरचा. नोकरीसाठी हिंजवडीत आलो आणि दर रविवारी मोटारसायकली काढून पौड, माले करत धरणाच्या काठाकाठाने ताम्हिणीपर्यंत जायचं, हा आम्हा चार मित्रांचा नेम पडून गेला. ताम्हिणी गावाच्या अलीकडे रस्त्याला लागूनच हौसामावशीचा ढाबा. पत्र्याचं छप्पर, पाच-सहा टेबलं, एक मोठी चूल आणि अंगणाच्या टोकाला फणस. त्या फणसाखालचं टेबल चुलीपासून सगळ्यांत लांब. उतार, दगडं, पावसाळ्यात शेवाळ, पण तिथला चहा मावशी दुसऱ्या कुणाला नेऊ द्यायची नाही. का, तर म्हणे नवरा गेल्यावर पहिलं गिऱ्हाईक तिथंच बसलं होतं. मला ती नावाने कधी हाक मारायची नाही. "लातूरकर आला का रं?" हे रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. तिखट कमी म्हटलं की आणखी घालायची, आणि उपाशी तर तिनं कुणाला कधी जाऊ दिलं नाही. माझ्या आईला फोनवर मी तिच्याबद्दल इतकं सांगायचो की आई एकदा रुसलीच.

तर डबी. दोन हजार सातच्या आसपास आमच्या कंपनीला अचानक आमच्या तब्येतीची काळजी वाटू लागली. प्रत्येकाला कमरेला अडकवायची एक डबी वाटली. पेडोमीटर. आत एक बारीकसं वजन असायचं, पाऊल टाकलं की ते हलायचं, टिक असा आवाज यायचा आणि काचेवरचा आकडा एकाने वाढायचा. खाली एक बटण, ते दाबलं की पुन्हा शून्य. सोबतच्या पत्रकावर छापलं होतं, रोज दहा हजार पावलं. दहाच का, आठ का नाहीत, बारा का नाहीत? एचआरच्या मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, वरून आलंय. झालं, सगळा मजला पेटला. मी तर लिफ्ट सोडली, जेवल्यावर पार्किंगमध्ये फेऱ्या मारल्या, घरी फोनवर बोलताना इकडून तिकडे चालत राहिलो, आणि रात्री बघतो तर निम्म्याच्या अलीकडे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला दहा हजार म्हणजे काय चेष्टा आहे? मग पोरांनी अक्कल लढवली. मीटिंगमध्ये टेबलाखाली पाय हलवायचे. डबी कंपनीच्या कॅबमध्ये लटकवून ठेवायची, की हिंजवडीचे खड्डे बिचारे तुमच्या वाटचं चालून टाकत. पहिलं बक्षीस ज्याला मिळालं त्याने डबी मोटारसायकलच्या हँडलला बांधली होती, हे सगळ्यांना माहीत होतं आणि टाळ्याही सगळ्यांनीच वाजवल्या.

त्या रविवारी मी डबी मावशीच्या कमरेला अडकवली. म्हटलं, बघू तरी, दिवसभर चूल ते टेबल करणारी ही बाई किती चालते. तिने लुगड्याच्या ओच्यापाशी ती नीट खोचून घेतली आणि भाकरी थापायला बसली. आणि डबी सुरू झाली की हो! टिक, टिक, टिक. हात परातीत, अंग मागं-पुढं, एका भाकरीला चांगली पन्नासेक पावलं पडत असतील. आम्ही पोटं धरून हसलो. मावशीने डबी काढून डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली, "आरं, बसल्या जागी चालतीया मी. येडं हाय तुमचं यंत्र." पण तिला ते यंत्र आवडलं. परत देताना ती उगाच दोनदा हलवून बघत होती, तेव्हा मी म्हटलं, ठेवा तुम्हालाच. तिने ती चुलीमागच्या खिळ्याला अडकवली आणि आम्ही सगळेच विसरलो.

पुढच्या दिवाळीनंतर मावशी चुलीपुढंच कोसळली. अर्धांगवायू. जीव वाचला, तोंड थोडं वाकडं झालेलं तेही महिन्याभरात सरळ आलं, शिव्या तर पहिल्याच आठवड्यात परत आल्या. पण डावा पाय ओढतच राहिला आणि डावा हात मनगटापासून लुळा. संतोष तिचा एकुलता एक. तो हिंजवडीत कंपनीची कॅब चालवतो, त्याची बायको मंगल एकटी ढाबा कशी ओढणार? आई पडली ती चुलीपुढच्या ओल्या कोब्यावर, त्यामुळे त्याने जागेचा धसकाच घेतला होता. त्याने पिरंगुटच्या एका हॉटेलवाल्याशी बोलणं केलं. गुढीपाडव्याला चावी द्यायची, ढाबा त्याने चालवायचा. मावशीला कळलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तर घरच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली. मला म्हणाली, "लातूरकर, ढाबा गेला तर मी हितं बसून काय करू, माशा हाणू?" इतका बारीक आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

संतोषही काही वाईट नव्हता हो. त्या दिवशी तो चिडून बोलून गेला, आणि माझ्या त्या पत्रकातलाच आकडा त्याच्या तोंडात आला. म्हणाला, "लातूरकरांच्या यंत्रावर धा हजार दावायचं, मग ढाब्यावर जायचं. त्याबिगर न्हाई." त्याला वाटलं विषय मिटला. मावशीने मात्र मंगलला ढाब्यावर पिटाळून खिळ्याची डबी मागवली, बटण दाबून शून्य केली, डाव्या बाजूला खोचली आणि भिंत धरून उठली. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. घामाने डबडबली. मी डबी बघितली... शून्य. एकसुद्धा पाऊल नाही! पाय उचललाच जात नव्हता, फरशीवरून घसटत येत होता, कमरेला हिसका बसत नव्हता, मग आतलं वजन हलणार कसं? भाकरी थापताना शेकड्यांनी मोजणारी ती हरामखोर डबी, आता बाई जिवाच्या आकांताने चालली तर मोजायला तयार नाही. मला इतका राग आला की ती दगडावर आपटावी असं वाटलं. मी म्हटलं, मावशी, हे यंत्रच चुकीचं आहे, हळू चालणाऱ्याचं याला कळतच नाही. संतोषचाही चेहरा पडला. त्याने गुपचूप डबी उजव्या बाजूला लावून दिली. पुढच्या फेरीत थोडं टिकटिकलं. मावशीने तिथल्या तिथे ती काढली आणि पुन्हा डावीकडे लावली. "चांगल्या पायाचं कवतिक मला सांगू नगा," म्हणाली.

आणि मग जे सुरू झालं, काय सांगू तुम्हाला! पौडच्या दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाई तिला महिनाभर सांगत होत्या, गुडघा उचला, पाय उचला. मावशी हो म्हणायची आणि करायची नाही. पण एका डबीने आपल्याला शून्य दिलं, हे तिला सहन होईना. दहा हजार गेले खड्ड्यात, मला म्हणाली, मला आधी एक टिक पायजे. एक! मी दर रविवारी जाऊन नुसता ओट्यावर बसायचो, मंगल पदराने तोंड झाकून बसायची, संतोष ड्युटीवरून आला की बूटही न काढता उभा राहायचा. मावशी भिंतीला धरून डावा गुडघा वर ओढायची, जिभेला दात लागायचे, पाय सुटायचा, डबी गप्प. पुन्हा. पुन्हा गप्प. अशा एका रविवारी, आम्ही तिघं कंटाळून चहाचं बोलत असताना, टिक. एवढासा आवाज. मंगल किंचाळलीच. संतोषने आईला उचलायचंच काय ते बाकी ठेवलं. मावशी मात्र भिंतीला टेकून, धापा टाकत, आम्हालाच दरडावत होती, की गप बसा, दुसरं ऐकू येऊ द्या. मी त्या दिवशी परतीच्या वाटेवर माल्याच्या पुढे गाडी थांबवून एकटाच नाचलो. रस्त्यावर गुरं होती, त्यांनी बघितलं.

एकाचे दहा झाले, दहाचे शंभर. रोज सकाळी ती उठल्या उठल्या बटण दाबून आकडा शून्य करायची, कालचं काल, असं म्हणून. मी लॅपटॉपवाला माणूस, मला वाटे की बेरीज ठेवावी, आलेख काढावा. तिला त्यात रस नव्हता. तिने आपलं माप मनाशी ठरवलं होतं आणि ते डबीत नव्हतंच. चुलीपासून फणसापर्यंत. पाडवा जवळ येत होता आणि डबीचा आकडा अजून शंभरांतच लोळत होता. मी आणि मंगल आत आत घाबरलेलो. दहा हजार तर तिच्या आयुष्यात होणार नव्हते, ते धडधाकट मला झाले नव्हते.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी पिरंगुटचा तो माणूस जागा बघायला आला आणि नेमका फणसाखाली जाऊन बसला. मावशीने त्या सकाळी हट्टाने स्वतःला ढाब्यावर आणवून घेतलं होतं. तिने मंगलला चहा ओतायला लावला, एकच स्टीलचा पेला, उजव्या हातात धरला आणि निघाली. संतोष पुढे झाला. "हात लावायचा न्हाई," असं ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली. सगळ्या टेबलांवरचे घास थांबले. उताराचं अंगण, मधे दगड, आणि ही बाई कवायत केल्यासारखा डावा गुडघा वर उचलत निघालेली. आणि ऐकू येत होतं हो, टिक... टिक... मधे एकदा झुकली, चहा सांडला, हातावर सांडला असणार, तिने हूं की चूं केलं नाही. फणसापाशी पोचली, अर्धा पेला टेबलावर ठेवला, टेबलाला धरून श्वास घेतला आणि त्या माणसाला म्हणाली, "च्या पी आन् जा." तो भला माणूस. त्याने मुकाट्याने चहा प्यायला, संतोषच्या खांद्यावर थाप मारली आणि गेला. संतोषने डबीत डोकावून बघितलं. "आई, धा हजार कुटं झालं?" तो म्हणाला, पण तोवर त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "तू मोजत बस," मावशी म्हणाली, "मला गिऱ्हाईक हाय."

त्यानंतर वर्षभराहून जास्त तिने तो ढाबा चालवला. ओल्या जागी संतोषने खरबरीत फरशी घातली, फणसापर्यंत बांबूचा कठडा केला. भाकरी आता मंगल थापायची, एका हाताने कुठे थापता येते? पण फणसाखालचा चहा मावशीचाच. डबी कमरेला कायम. सकाळी बटण दाबायचं, संध्याकाळी बघायचं, आणि आकडा कसाही असला तरी, बरं हाय, म्हणायचं. त्या डबीवर माझा कधी विश्वास बसला नाही, अजूनही नाही. कंपनीने पुढे ते सगळं बंद केलं आणि बक्षीसवाला तर आता जिना बघितला तरी दमतो. मी मात्र जिना सोडला नाही. पाय उचलताना कान आपोआप टिक ऐकायला टवकारतात.

तेराव्याला मी गेलो होतो, पण गर्दीत काही बोलणं झालं नाही. परवाच्या रविवारी पुन्हा गेलो. आता रस्त्यापर्यंत हाक येणार नाही हे माहीत असून मी गाडी हळू केली. ढाबा चालू होता. मंगल चुलीपुढे भाकरी थापत होती आणि तिच्या कमरेला डबी. टिक, टिक, टिक. मी म्हणणार होतो की वहिनी, ही खोटं मोजतेय, पण तिनेच सांगितलं. गेल्या त्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या मावशीनं, शून्य करून डबी लावली होती, फणसापर्यंत जाऊन आल्या, तो आकडा तसाच होता. तेव्हापासून बटणाला कुणी हात लावलेला नाही. भाकरी थापताना ती लावते, फणसाखाली चहा द्यायला जाताना संतोष लावतो. त्यातली किती पावलं खरी, किती भाकरीची, हे विचारायची मला गरज वाटली नाही. संतोष फणसाकडून रिकामा पेला घेऊन आला, त्याने मंगलच्या कमरेची डबी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"बघा लातूरकर," तो म्हणाला, "आईची धा हजार झाली."

मी बघितलं. झाली होती. मंगलने डबी परत कमरेला लावली आणि पुढची भाकरी थापायला घेतली.