काकांनी काढलेला गोल

दामूकाका गेल्याचं मला त्यांचं तेरावं होऊन गेल्यावर कळलं, तेही प्रयोगशाळेच्या जुन्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले... आणि मग दिवसभर कामात लक्ष लागेना.

काका आमच्याकडे स्लाइड रंगवायचे. कॅन्सरच्या गाठीचे पातळ काप काचेवर घ्यायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बघायचे, हेच पूर्वी आमचं संशोधन होतं, आणि त्यात काकांची नजर पक्की. मग रेणवीय जीवशास्त्र आलं. गाठ दिसते कशी, यापेक्षा तिच्या जनुकात काय बिघडलंय याला महत्त्व आलं. मी नवी डिग्री घेऊन त्याच लाटेत आलेली, नाक वर करून. काकांचं काम आता एवढंच उरलं, की रंगवलेल्या काचेवर पेनाने गाठीभोवती गोल काढायचा. तो बघून मी त्याच गाठीच्या, न रंगवलेल्या दुसऱ्या काचेवरचा तेवढाच भाग खरवडायचा आणि त्यातून डीएनए काढायचा. "बाय, आधी बघ, मंग खरवड," ते सांगायचे. मी म्हणायचे, "काका, बघायचं काम आता मशीन करतं."

एका नमुन्यात जनुकातला अपेक्षित बदल सापडलाच नाही. बैठकीत सरांनी कारण विचारलं, तेव्हा मी पटकन बोलून गेले, "काकांचा गोल चुकला असेल." काका मागेच उभे होते. महिन्याभरात मुदतीआधीच निवृत्ती घेऊन ते चौलला घरी गेले. त्यानंतर मी उरलेल्या काचा काढून पाहिल्या, तेव्हा लक्षात आलं, मीच काच उलटी धरली होती. गोल बरोबर होता. मी भलतीकडचा निरोगी भाग खरवडला होता. निकाल गुपचूप दुरुस्त केला. काकांना फोन मात्र केला नाही. आज करू, उद्या करू... खरं तर लाज वाटत होती, आणि लाज लपवायला कामाचं निमित्त बरं पडतं.

गेल्या रविवारी चौलला गेले. काकू ओटीवर सुपारी निवडत बसल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं. सांगताना रडलेही. त्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली.

"तवाच सांगायचं व्हतंस गो," त्या म्हणाल्या. "माझा डोळा गेला, म्हणायचे. हितंच बसून सुपारी निवडायचे, आन् एकेक मला दाखवून इचारायचे... ही चांगली हाय ना?"