अण्णांचे सेहेचाळीस ठोके

आमच्या ह्यांना अख्खं केळवे अण्णा म्हणतं. वय सहासष्ट, पण सुपारीच्या झाडावर असे चढतात की माकडानं शिकवणी लावावी. एकदा वर गेले की शेंडा झुलवायचा, शेजारचं झाड धरायचं, की गेले पलीकडे. मी खाली सुपाऱ्या वेचायला.

आमची लेक मेघाली बोईसरला कंपनीत आहे. तिनं बापाला मनगटावरचं घड्याळ आणलं, काळजाचे ठोके मोजणारं. सकाळी अंथरुणातच बघितलं तर अण्णांचा आकडा सेहेचाळीस. शेजारच्या चंद्रकांताबाईंचा बहात्तर! माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

"काळीज थकलं तुमचं," मी म्हटलं. "आजपासून झाड बंद."

"अगं, मला काय पन होत नाय."

"मग आकडा काय खोटं बोलतो?"

पायात अडकवायचा चढायचा दोर मी तांदळाच्या पिंपात पुरून टाकला. मी एकदा नाही म्हटलं की नाही.

दीड महिना माणूस ओट्यावर. गडी वर चढायचे आणि हे खालून त्यांच्यावर खेकसायचे. पण आकडा वाढला ना! पन्नास, चोपन्न, अठ्ठावन्न. मी शीतळादेवीला नारळ वाहिला, चंद्रकांताबाईंना पेढे दिले. केवढी शहाणी मी!

मग एका दाखल्यासाठी कोळगावच्या कचेरीत गेलो. दुसऱ्या मजल्यावर पोचेस्तोवर ह्यांना धाप लागली. अख्खी सुपारीची वाडी वरच्या वर पालथी घालणारा माणूस कठडा धरून उभा! मला रडूच फुटलं. मेघालीनं त्याच दिवशी पालघरच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी घड्याळातले आकडे बघितले, ईसीजी काढला, चक्कर येते का, अंधारी येते का, विचारलं. "कदीच नाय," हे म्हणाले.

"मग सेहेचाळीस हे दुखणं नव्हतं, यांची कमाई होती," डॉक्टर म्हणाले. "कसलेलं काळीज एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून आरामात असताना कमी ठोके पुरतात. दुसऱ्याचा आकडा कशाला बघता? यांचाच आधीचा आकडा बघा. बसून राहिल्यानं तो वाढलाय. कुणी बसवलं यांना?"

मी पदराचं टोक पिळत बसले. मेली अक्कल माझी!

घरी येऊन दोर काढला, तांदूळ झटकले आणि ह्यांच्या हातात दिला. डॉक्टरांनी हळूहळू सुरू करा म्हटलेलं, म्हणून पहिल्या दिवशी दोनच झाडं. खोडाला घासेल म्हणून घड्याळ माझ्या मनगटावर बांधून हे चढले. शेंडा झुलला, ह्यांनी शेजारचं झाड धरलं, आणि मी घड्याळाकडे बघितलं. एकशे अठरा.

खाली आल्यावर ह्यांनी माझं मनगट धरून तो आकडा वाचला.

"चाळीस वर्सं तू खाली अशी उभी असतेस?"

"मग काय! तुमाला वाटलं, सुपाऱ्या वेचायला येते?"

ह्यांनी कमरेचा कोयता बाजूला ठेवला आणि माझा आकडा उतरेपर्यंत हे माझ्याजवळ बसून राहिले.